मैनाच्या नावाची कच्ची पेटी

माझं दुकान केजला, तहसीलच्या रस्त्यावर आहे. पाटीवर 'झेरॉक्स, लॅमिनेशन, सर्व प्रकारचे ऑनलाईन फॉर्म' असं लिहिलंय. आत दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि मी. प्रिंटरपेक्षा माझाच आवाज जास्त, असं आमचे मालक म्हणतात. मालक म्हणजे नवरा. दुकान माझंच आहे. मी तापट बाई आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाला नवल वाटायला नको.

दुसरी गोष्ट, यात कुणा माणसाचं नाव येणार नाही. माझ्यासमोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून लोक काय काय सांगतात! खरी जन्मतारीख, शाळेत लावलेली जन्मतारीख, नवरा नांदवतो का नाही, आजार कोणता, पोरं किती, गेली किती. फॉर्मचा रकाना विचारतो म्हणून मला विचारावं लागतं, आणि ते मान खाली घालून सांगतात. ते सगळं माझ्या पोटात राहतं. तरी एकदा माझ्याच तोंडून एका पोरीचं गुपित फुटलं, भर बाजाराच्या दिवशी, मोठ्या आवाजात. तेच सांगायला बसलेय. एका शेळीचं नाव मात्र घ्यावंच लागेल. तिचं नाव मैना.

पण आधी आईचं सांगते, कारण मूळ तिथं आहे.

शेवटच्या दोन वर्षांत आईला ऐकू येईना. मी कॉम्प्युटरवाली, मला वाटलं, घरबसल्या कानाचं मशीन बघू. एका जाहिरातीवर बोट दाबलं. त्यांनी नाव, वय, फोन, ईमेल मागितलं. मी भाबडेपणानं सगळं दिलं. नाव आईचं, फोन आणि ईमेल माझा. झालं! त्या दिवसापासून जे फोन सुरू झाले ते थांबायचं नाव नाही. कानाचं मशीन राहिलं बाजूला, गुडघ्याचा पट्टा घ्या, साखरेच्या गोळ्या घ्या, विमा काढा, तीर्थयात्रेला चला. मेल उघडावा तर रोज पंचवीस पत्रं आईच्या नावानं. आई म्हणायची, "कुणाचा गं फोन? सारखा कुणाचा येतोय?" मी तिच्या कानाशी ओरडून सांगायची, "तुलाच मागणी येतेय!" ती तोंडाला पदर लावून हसायची.

मग आई गेली. दहाव्याला आम्ही पिंडापाशी उभे होतो, कावळा शिवेना म्हणून सगळे गप्प, आणि माझा फोन वाजला. गोड आवाजाची पोरगी. आईचं पूर्ण नाव घेऊन म्हणाली, "मॅडमशी बोलता येईल का? त्यांच्यासाठी खास ऑफर आहे." मी तिला काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. भटजीसुद्धा दोन पावलं मागं सरकले. नंतर घरी येऊन रडले, कारण त्या पोरीचा काय दोष? कुणीतरी तिच्या हातात यादी दिली होती, आणि त्या यादीत माझी आई अजून जिवंत होती. आजही वर्षातून दोन-तीनदा तसा फोन येतो. आता मी शिव्या देत नाही, नुसतं ऐकून घेते.

तेव्हा मी ठरवलं की माझ्या दुकानातून कुणाचाही खरा पत्ता, गरज नसताना, बाहेर जाणार नाही.

पण करायचं काय ते ठाऊक नव्हतं. ते एका कॉलेजच्या पोरीनं शिकवलं. ती झेरॉक्सला आलेली. मी एका गिऱ्हाइकाचा फॉर्म भरताना ईमेलच्या रकान्याला शिव्या घालत होते, ते तिनं ऐकलं. म्हणाली, "काकू, खरा कशाला देता? तात्पुरता द्या की." आणि तिनं एक साईट उघडून दाखवली. तिथं मनाला येईल ते नाव टाकायचं, की त्या नावाची मेलची पेटी तयार. पासवर्ड नाही, फोन नंबर नाही, काही नाही. त्या पत्त्यावर आलेलं पत्र एक दिवस राहतं, दुसऱ्या दिवशी आपोआप पुसलं जातं. काम झालं की पेटी सोडून द्यायची. जाहिराती पाठवणारे बसतात मग रिकाम्या पेटीत पत्रं टाकत.

मला इतका आनंद झाला की त्या पोरीला मी दुकानातला बिस्किटाचा पुडा दिला. "कच्चा पत्ता" असं मी त्याचं नाव ठेवलं. आपल्याकडं कसं, कच्चं घर, पक्कं घर. जिथं नुसता रकाना भरायचा म्हणून भरायचा तिथं कच्चा, आणि जिथून खरंच काही यायचं असेल तिथं पक्का. हा नियम माझाच होता, आणि मोडलाही मीच.

आता नावाची अडचण. पेटी पुन्हा उघडायची वेळ आली तर नाव आठवायला पाहिजे. आकडे दिले तर लोक विसरायचे. चिठ्ठी दिली तर ती धुण्यात जायची. एकदा एक म्हातारे गृहस्थ आले, त्यांना स्वतःचं वय सांगता येईना, पण बोलता बोलता त्यांनी बैलांची नावं सांगितली, त्या बैलांच्या आधीच्या बैलांची सांगितली, आणि ज्या गायींच्या पोटी ते झाले त्यांचीही. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या दिवसापासून मी प्रत्येकाला विचारायला लागले, "दावणीला कोण हाय? नाव सांगा." नावापुढं गाव जोडायचं, की झाला पत्ता. ढवळी आणि पुढं गाव. सर्जा आणि पुढं गाव. कुणी विसरेना! आमचे मालक म्हणायचे, "तुझं दुकान हाय का गोठा?" मी म्हणायची, "गोठाच हाय. तुमीबी या, दावण रिकामी हाय."

माझा मला फार अभिमान वाटायचा. बाहेरच्या जगापासून मी आमच्या माणसांना झाकून ठेवलंय, असं वाटायचं.

दिवाळीनंतर एक आबा आले होते. नांदूरघाटचे, शेळ्या-मेंढ्या सांभाळणारं घर. उंच, वाळलेले, हातात काठी, अंगात खिशाची बंडी. कुठंसं शेळीपालनाचं शिबिर होणार होतं, त्याला नाव नोंदवायचं होतं. ईमेलच्या रकान्याशी आल्यावर मी नेहमीप्रमाणे विचारलं, "आबा, शेळीचं नाव?"

"कंच्या शेळीचं? बारा हायत."

"लाडकीचं सांगा."

आबा लाजले. खरंच लाजले. "मैना," म्हणाले. "लई गुणाची हाय."

मी मैना आणि पुढं नांदूरघाट टाकलं, नोंदणी केली, आबा चहा पिऊन गेले. शिबिराची तारीख कळवू म्हणाले होते, ती काही आली नाही, आणि मी आबांना विसरून गेले.

मग जुलैत, पाऊस लांबलेला असताना, ती पोरगी आली. पोरगीच म्हणते, लग्न होऊन दोन वर्षं झाली होती तरी. डोक्यावर पदर, पायात धुळीनं भरलेली चप्पल, हातात पिशवी, आणि पिशवीत साडीच्या घडीत लपवलेला बारावीचा निकाल. दुकानात गर्दी होती तर बाहेर कडेला उभी राहिली. सगळे गेल्यावर आत आली आणि म्हणाली, "ताई, मला नर्सचा फॉर्म भरायचाय. पण घरी कळता कामा नये."

मी खुर्ची पुढं सरकवली.

माहेर पाटोद्याकडचं. बारावी सायन्स, मार्क चांगले. लग्नाच्या बैठकीतच ठरलं होतं की शिक्षण इथं संपलं. सासरी सुना बाहेर जात नाहीत. नवरा पुण्याला कंपनीत, महिन्यातून एकदा येतो. घरात सासू, सासरे आणि जनावरं. बीडला एका संस्थेत दोन वर्षांचा कोर्स होता, सहाय्यक परिचारिकेचा, राहायची सोय तिथंच. आज ती आधारकार्डातलं नाव दुरुस्त करायचंय असं घरी सांगून निघाली होती.

"लागला नंबर तर घरी काय सांगशील?" मी विचारलं.

"लागल्यावर बघीन," ती म्हणाली. "आत्ता सांगितलं आन न्हाई लागला तर? दोन्हीकडून गेले ना मी."

मला तिचं म्हणणं पटलं. मी फॉर्म उघडला. मोबाइल नंबरच्या रकान्यात दुकानाचा नंबर टाकला. पण खाली लिहिलं होतं, निवड झाल्यास ईमेलवरच कळवण्यात येईल. तिनं विचारलं, "ताई, घरच्या फोनवर काही वाजणार न्हाई ना?"

इथं मी चुकले. पक्का पत्ता काढून द्यायला हवा होता, नाहीतर माझा स्वतःचा द्यायचा. पण तिचा तो भेदरलेला चेहरा बघून माझ्या अंगात वारं शिरलं. म्हटलं, "अगं, असा पत्ता देते की ब्रह्मदेवालाबी पत्ता लागायचा न्हाई. मी रोज सकाळी शटर उघडलं की आधी तुझी पेटी बघीन. सांग, शेळीचं नाव?"

"मैना," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा तिचा चेहरा मोकळा झाला. "माझ्याच हाताला लागलीय ती, ताई. दुसऱ्या कुणाला धार काढू देत न्हाई. गेल्या पावसाळ्यात तिचं करडू आडवं आलतं, मीच काढलं."

"गाव?"

"नांदूरघाट."

आणि माझ्या डोक्यात काहीही आलं नाही! नांदूरघाट मोठं गाव, मैना नावाच्या शेळ्या पन्नास असतील. असं वाटलं असेल, किंवा काहीच वाटलं नसेल, कारण बाहेर पुन्हा माणसं जमायला लागली होती. ती साईट काही विचारत नाही की बाई, ही पेटी आधी कुणाला दिलीस का. नाव टाकलं, पेटी उघडली, रिकामी होती. फॉर्म गेला. जाताना ती माझ्या पाया पडायला वाकली, तर मी ओरडले, "नर्सा कुणाच्या पाया पडत न्हाईत, जा आता, जीप चुकंल!"

आठ-दहा दिवस मी शब्द पाळला. रोज शटर उघडायचं, उदबत्ती लावायची, मैनाची पेटी बघायची. रिकामी. मग पीकविम्याची शेवटची तारीख आली आणि दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. माणसं सकाळी सातपासून पायरीवर बसलेली. तीन दिवस मी पेटी उघडली नाही. विसरले. दुसरं काही कारण देत नाही.

तिसरा दिवस आठवडी बाजाराचा होता. गर्दी, उकाडा, प्रिंटरचा कागद अडकलेला, मी वैतागलेली. तेवढ्यात काठी टेकत आबा आले. "बाई, ते शिबिराचं पत्र आलं का बघ की. गावात म्हणतेत, तारीख निघाली."

"कोणती पेटी, आबा?"

"मैना."

मी टाइप केलं. पेटीत एक पत्र होतं. माझी सवय अशी की आलेलं पत्र मी मोठ्यानं वाचते, कारण निम्म्या लोकांना चष्मा नसतो. शिबिराचंच असणार म्हणून मी वरचं न बघता वाचायला लागले, आणि माझी गाडी सुरू झाली की थांबत नाही. "अभिनंदन. सहाय्यक परिचारिका प्रसाविका अभ्यासक्रमासाठी आपली निवड झाली असून…" पुढं नाव होतं. तेही मी वाचलं. पुढं मुक्काम नांदूरघाट, तालुका केज. तेही वाचलं. तीन दिवसांच्या आत मूळ कागदपत्रांसह बीडला हजर राहावे, अन्यथा जागा प्रतीक्षा यादीतील उमेदवारास देण्यात येईल. तिथं मी वाचायची थांबले.

मान वर करून बघायचा धीर होईना. आबा म्हणाले, "थांबलीस कावून? परत वाच."

"आबा, हे दुसऱ्याच कुणाचं हाय. या पेटीत कुणाचंबी येतं, चुकून…"

"नाव आमच्या सुनंचं हाय," आबा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "गाव आमचं हाय. शेळीबी आमचीच हाय."

दुकानात चार-पाच माणसं होती. सगळी ऐकत होती. मी त्यांना म्हटलं, "बाहेर व्हा रे सगळे, सर्व्हर बंद हाय!" ती गेली. आबांनी हात पुढं केला. "कागद काढ त्याचा."

मी काढला. नाही तरी म्हणणार कशी? एका दिवसात पत्र पुसलं जाणार होतं, ते कागदावर उतरणं गरजेचं होतं. आबांनी कागदाच्या चार घड्या केल्या, बंडीच्या आतल्या खिशात घातला, आणि शिबिराचं काही न विचारता निघून गेले. चहाही घेतला नाही.

पुढचे दोन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. पोरीचा नंबर माझ्याकडं नव्हता. तिनंच दिला नव्हता आणि मीच म्हटलं होतं, नको देऊ. जगातल्या सगळ्या जाहिरातवाल्यांपासून तिला लपवलं, आणि ज्या एका घरापासून लपायचं होतं त्याच घराच्या शेळीचं नाव दाराला लावलं! ज्या नावानं सकाळ-संध्याकाळ अख्खी आळी त्या शेळीला हाक मारते, ते मी गुपिताला दिलं. मला माझा इतका राग आला की मी आमच्या मालकांवर ओरडले. ते बिचारे भाजी निवडत होते.

दुसऱ्या दिवशी नांदूरघाटच्या जीपमध्ये जाऊन बसले. मालक मागोमाग आले. म्हणाले, "तू जाऊन काय सांगणार? आबांनी घरात विषय काढला नसंल तर तू गेल्यावर निघंल." जीप भरत आली होती. मी उतरले. त्या दिवशी जेवण गेलं नाही. सारखा त्या पोरीचा मोकळा झालेला चेहरा डोळ्यापुढं यायचा, मैनाचं नाव सांगतानाचा. देवा, हिचं काही वाईट होऊ देऊ नको, माझी जीभ झडली तरी चालेल, असं मी मनापासून म्हटलं.

तिसरा दिवस, हजर व्हायचा शेवटचा. सकाळी शटर उघडायला गेले तर पायरीवर दोघं. आबा काठी गुडघ्यात धरून बसलेले, आणि ती दोन पायऱ्या खाली, मांडीवर पिशवी. डोळे रडून सुजलेले.

मी किल्ली हातात धरून तिथंच सुरू झाले. "माझं चुकलं गं बाई, माझ्या तोंडाला कुलूप न्हाई, मला काय ठाऊक एकच मैना… आबा, तिचा काही दोष न्हाई, काय बोलायचं ते मला बोला, मी भरून दिलाय फॉर्म…"

"ताई," ती पोरगी म्हणाली, "आधी शटर तर उघडा."

आत बसल्यावर आबांनी बंडीतून कागद काढला. घड्यांवर तो पार मऊ पडला होता. "दोन दिस शेळ्यांमागं बसून वाचला," ते म्हणाले. "मला वाचायला टाइम लागतो. ह्यो एक शब्द हाय बघ, प्रसाविका. म्हंजी बाळंतपण करनारी, न्हवं?"

"हो, आबा."

"बैठकीत मीच म्हणलतो. आमच्यातल्या सुना बाहेर जात न्हाईत, बारावी लई झाली. पाच मानसांत म्हणलतो." त्यांनी कागदाची घडी बोटानं सारखी केली. "मग आडवं आलतं ना करडू, तवा डाक्टरचा फोन लागंना. मी हातपाय गाळून बसलो. म्हातारी देवापुढं जाऊन बसली. हिनं हात घातला आन करडू काढलं, जितं. तवा मी म्हणलो का, सुना असलं करीत न्हाईत म्हणून? तवा गप बसलो. मंग आता कावून बोलू?"

मी त्यांच्यापुढं पाण्याचा पेला सरकवला.

"काल धार काढीत होती, तितं दिला कागद," आबा म्हणाले. "तांब्या सांडला तिनं. पोराला फोन लावला, तो म्हणला, आबा, तुमी म्हणाल तसं. म्हातारी फुगलीय. फुगू दे चार दिस."

ती पोरगी मान खाली घालून म्हणाली, "मामा, पण मैनाची धार?"

"मी काढीन."

"ती लाथ मारती तुमाला."

"मारू दे की. तिचाबी हक्क हाय."

ती हसली, आणि हसता हसता पुन्हा रडायला लागली, आणि मलाही आवरेना. आम्ही दोघी बायका नाक पुसत बसलो आणि आबा प्रिंटरकडं बघत राहिले. मग त्यांनी काठी आपटली. "बीडची गाडी किती वाजता हाय? रडायला टाइम न्हाई. बाई, मला एक सांग. ती मैनाची पेटी. त्यातलं कागद पुसून जातं म्हणलीस?"

"एका दिवसात."

"मंग हिचं फुडचं कागद कुटं येनार? परीक्षेचं, नोकरीचं?"

"पक्की पेटी काढावी लागंल."

"काढ मंग. शेळीच्या नावाची नको. हिच्या नावाची काढ."

मी दुसरा कॉम्प्युटर सुरू केला. खुर्ची तिच्याकडं वळवली आणि म्हटलं, तूच टाक. तिनं एका बोटानं स्वतःचं नाव टाकलं. पुढचा रकाना आडनावाचा. तिचं बोट थांबलं. माहेरचं की सासरचं? सवयीनं मी आबांकडं बघितलं.

"माझ्याकडं काय बघती?" आबा खेकसले. "तिला इचार."

तिनं थोडा विचार केला आणि काहीतरी टाकलं. काय ते मी सांगणार नाही. मग पत्ता करायचा होता. तिनं नुसतं आपलं नाव टाकलं, तर ते आधीच कुणीतरी घेतलेलं निघालं. तिनं त्याला एक शब्द जोडला, तोही मी सांगणार नाही. पत्ता मिळाला.

"आता पासवर्ड," मी म्हटलं. "हा तुझा तू ठरव. मला सांगू नको. घरात सांगू नको. नवऱ्यालाबी न्हाई. शेळीचं नाव तर अजिबात टाकू नको." आणि मी माझी खुर्ची फिरवून भिंतीकडं तोंड केलं.

मागून काठीचा आवाज आला. तिरक्या डोळ्यांनी बघितलं, तर आबा उठले होते. माझं बोलणं त्यांनी नीट ऐकलं असावं. ते दारापर्यंत गेले आणि रस्त्याकडं तोंड करून, आमच्याकडं पाठ करून उभे राहिले. आयुष्यभर ज्या घरात सुनेची पिशवीसुद्धा सासूसमोर उघडायची, त्या घरातला तो म्हातारा माणूस, काठीवर दोन्ही हात ठेवून, सुनेच्या आठ अक्षरांसाठी पाठ करून उभा होता. समोरून ओळखीचं कुणी गेलं, त्यानं रामराम घातला, आबांनी मान हलवली, पण वळले नाहीत.

मागं कीबोर्डची टकटक चालू होती. सावकाश, एकेक. मग थांबली.

"झालं का गं?" आबांनी रस्त्याकडं बघतच विचारलं.

"झालं, मामा."

"वळू का मंग?"

"थांबा जरा," ती म्हणाली. "परत एकदा टाकायला सांगतंय."

"टाक," आबा म्हणाले. "सावकाश टाक." आणि तसेच उभे राहिले.